सात तास यंत्र, दोन तास माणूस

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ज्यांना मी दाजी म्हणतो, गेली सव्वीस वर्षे जमीन खोदण्याचे काम करीत आहेत. त्यांपैकी पहिली तेवीस वर्षे त्यांना कोणीही असे विचारले नव्हते, की जमीन तुम्ही खोदता की तुमचे मशीन खोदते. ज्या दिवशी हा प्रश्न विचारण्यात आला त्या दिवसापासून आमच्या दोन घरांचे स्वास्थ्य गेले. मी स्वतः न्यायालयाच्या नक्कल विभागात एकवीस वर्षे नोकरी करीत आहे. कागद या वस्तूशी माझा परिचय काही कालपरवाचा नाही. तरीही हे प्रकरण नेमके काय होते हे मला आजतागायत धड उमगलेले नाही. ते उमगलेला एकही मनुष्य मला संबंधित कार्यालयांत आढळला नाही, ही माझी तक्रार आहे, आणि ती मी येथे सविस्तर नोंदवीत आहे.

दाजी अंगाने किरकोळ. खोदाईच्या यंत्रात बसले की बाहेरून त्यांची टोपी आणि एक कोपर एवढेच दिसते. ते यंत्र कोणत्याही कंपनीचे असले तरी लोक त्याला जेसीबीच म्हणतात. दाजी मात्र नुसते ‘मशीन’ म्हणतात, जसे एखादा आपल्या भावाला नुसते ‘भाऊ’ म्हणेल. रस्त्याखालचे पाणी, सांडपाणी, वीज यांचे पाइप आणि तारा जिथे गुंतलेल्या असतात, तिथे इतर चालक नकाशा पाहून बकेट खाली घालतात. दाजी नकाशा घडी करून खिशात ठेवतात. “नकाशा काढणारा खड्ड्यात उतरलेला नसतो,” असे त्यांचे म्हणणे. ते माती पाहतात. पाइप टाकणारे लोक पाइपाच्या भोवती वाळू पसरून ठेवतात; तेव्हा काळ्या मातीत वाळूचे कण दिसू लागले की दाजी इंजिन बंद करतात, खाली उतरतात आणि आखूड दांड्याच्या फावड्याने उरलेली वीतभर माती हाताने खरवडून काढतात. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पाइप फुटलेला नाही. साइटवर त्यांना ‘सर्जन’ म्हणतात.

“काय सर्जन, पेशंट कसा आहे?” असे वरून कोणी विचारले, की खड्ड्यातून उत्तर येते, “पोट उघडलंय. बोलू नका.”

त्यांच्या खिशात एक छोटी डायरी असते. यंत्रात एक तासमापक असतो. इंजिन जितका वेळ चालू, तितकाच तो पुढे सरकतो. दाजी सकाळी त्याचा आकडा लिहितात, संध्याकाळी लिहितात, आणि खाली हाताने खोदलेले तास वेगळे मांडतात. कशासाठी, असे मी एकदा विचारले होते.

“मशीनला किती तासांनी सर्व्हिसिंग करायचं ते कळतं.”

“आणि हाताचे तास?”

“हातालाही सर्व्हिसिंग लागतं. ते कोणी करत नाही, ती गोष्ट वेगळी.”

अशा माणसाचे बिल एका ओळीचे असे: खोदकाम, नऊ तास, दर इतका, एकूण इतके. रुग्णालयाच्या नव्या इमारतीचे काम सुरू झाले, तेव्हा कंत्राटदाराच्या कार्यालयातील बिलवाल्या बाईंनी ती एक ओळ परत केली. त्या वेळी मी दाजींबरोबर होतो, कारण मला माझ्या कार्यालयाकडे जाताना त्यांनी वाटेत सोडायचे ठरले होते. कार्यालय म्हणजे साइटच्या फाटकाजवळचा लोखंडी कंटेनर. आत एक टेबल, दोन संगणक आणि फायलींनी गुदमरलेली खिडकी.

“काका, असं चालणार नाही,” बाई म्हणाल्या. “नवा नियम आलाय. मजुरी वेगळी दाखवा, मशीनचं भाडं वेगळं दाखवा. मजुरीतून मला शंभराला वीस कापून सरकारात भरायचे आहेत. भाड्यातून काही कापायचं नाही. तुम्ही सगळं एकाच ओळीत लिहिलंत, तर मी कशातून कापू?”

“मग कापूच नका की.”

“तुम्हाला विनोद सुचतोय. नोटीस मला येईल.”

दाजींनी ते परत आलेले बिल माझ्याकडे असे दिले, जसे एखादा हातात साप सापडल्यावर शेजाऱ्याकडे देतो.

रविवारी सकाळी मी ताईच्या घरी गेलो. दार तिनेच उघडले आणि आत वळून म्हणाली, “अर्जदार आले हो!” घराघरातील पाणीपट्टी, वीजबिल, शाळाप्रवेश यांचे अर्ज मी लिहून देतो म्हणून आमच्या कुटुंबात मला हे नाव पडले आहे. उपहास आहे, पण गरज पडली की तोच उपहास हात जोडून दारात उभा राहतो. असो.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही तिघे बसलो. मी विचारले, “दाजी, तुमच्या मते या नऊ तासांत मजुरी किती आणि भाडे किती?”

त्यांनी छताकडे पाहिले. “अर्धा मी, अर्धं मशीन.”

“अर्धे कसे?” ताई म्हणाली. “डिझेल बघा. ते तुमच्यापेक्षा जास्त खातं.”

“पण कमी बोलतं,” दाजी म्हणाले.

अंदाजपंचे आकडे कागदावर मांडणे माझ्या स्वभावात नाही. मला पुरावा हवा होता, आणि तो दाजींच्या खिशात होता. मी डायरी मागवली. इंजिन चालू असल्याचे तास, सरासरी सात, ते यंत्राचे. इंजिन बंद करून फावडे चालवल्याचे तास, सरासरी दोन, ते माणसाचे. सात अधिक दोन नऊ. मला समाधान वाटले. बिलवाल्या बाईंनाही वाटले. पुढील दोन वर्षांत मी स्वहस्ताक्षरात अशी बत्तीस बिले लिहिली, आणि त्यांपैकी प्रत्येकावर त्यांच्या कार्यालयाचा शिक्का आहे.

चूक माझी होती, हे मी कबूल करतो. नक्कल विभागात जे आहे ते लिहिण्याची सवय लागते. परंतु ती चूक बत्तीस बिले होईपर्यंत एकाही पगारी डोळ्याला दिसली नाही, हेही मी त्याच सवयीने लिहितो.

कर कार्यालयाची नोटीस आली ती दाजींच्या नावे. तिच्यातील एक वाक्य मला अजून तोंडपाठ आहे: “सदर देयकांनुसार यंत्राने दररोज सुमारे सात तास चालकाविना काम केल्याचे दिसून येते, याबाबत समाधानकारक खुलासा करावा.”

दाजींनी ते दोनदा वाचले. “चालकाविना? मग मी कुठे होतो?”

“बिलाप्रमाणे तुम्ही फक्त दोन तास होतात,” मी म्हणालो.

“आणि बाकी सात तास?”

मी एक बिल काढून पुन्हा वाचले. खरोखरच, मी केलेल्या विभागणीत जो मनुष्य यंत्रावर बसून दोन लिव्हर आणि दोन पेडल चालवीत होता, त्याला कुठेच जागा नव्हती.

नोटिशीची एक प्रत कंत्राटदाराकडेही गेली होती. दुसऱ्या दिवशी फाटकावर दाजींचे नाव यादीतून निघाले. बिलवाल्या बाईंनी फोनवर सांगितले, “कागद मिटेपर्यंत आत येता येणार नाही, काका. वरचा हुकूम आहे. आणि पंधरावीस दिवसांत मिटला नाही, तर दुसरं मशीन मागवतील.” रुग्णालयाचे काम अजून दीड वर्ष चालणार होते. वय वर्षे त्रेपन्न, आणि आता त्यांनी कोणाच्या फाटकावर जाऊन नव्याने ओळख द्यायची? प्रश्न करापुरता राहिला नव्हता. दाजींना त्यांच्या मशीनवर, त्या साइटवर, पुन्हा बसता येईल की नाही, हा प्रश्न होता.

कर कार्यालय तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टवर ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी, आणि त्या पाटीलाच दुरुस्तीची गरज. जमिनीला बोल्टने जखडलेल्या खुर्च्यांवर आम्ही सव्वादोन तास बसलो. आमचा क्रमांक पुकारला गेला तेव्हा छायाप्रतींचे यंत्र बिघडलेले असल्याने आणलेल्या मूळ प्रतीच ठेवून घेण्यात आल्या, त्यांची पोच मागितली तर “ती नंतर” असे उत्तर मिळाले. अधिकारी बाई वयाने माझ्या पुतणीएवढ्या. उद्धट नव्हत्या, हे मी नमूद करतो. त्यांच्यासमोर आमची बत्तीस बिले पसरलेली होती.

“तुम्ही मशीनवर बसलेले असता, तेव्हा काम कोण करतं?” त्यांनी विचारले.

“मशीन,” दाजी म्हणाले.

“आणि तुम्ही काय करता?”

“मी करवून घेतो.”

“बरं. आणि खाली उतरून फावड्यानं खोदता, तेव्हा मशीन काय करतं?”

“उभं असतं. पण भाडं चालूच असतं, मॅडम. उभं आहे म्हणून ते दुसरीकडे जाऊन कमावत नाही ना.”

“म्हणजे मशीनचे नऊ तास. आणि तुमचेही नऊ. अठरा झाले.”

“तसं बघितलं तर अठराच.”

“पण दिवसाचं काम नऊ तासांचं.”

“नऊच.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी पंख्याकडे पाहिले. पंख्याचे एक पाते वाकडे होते.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “मशीन तुमचं स्वतःचं असेल तर भाड्याचा प्रश्नच येत नाही. स्वतःला स्वतः भाडं देता येत नाही. मग सगळी मजुरीच धरायची.” असे म्हणून त्यांनी यंत्राचे नोंदणीपत्र उलटले आणि थांबल्या. “मालक म्हणून हे नाव कोणाचं?”

“घरचंच.”

“घरचं म्हणजे?”

“बायकोचं.”

ही हकीकत सांगणे येथे आवश्यक आहे. ताई एकोणीस वर्षे बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंग विभागात होती. कारखाना बंद झाला तेव्हा तिला एकरकमी पैसे मिळाले. तोवर दाजी दुसऱ्यांची मशीने चालवीत. ताईने ते पैसे बँकेत ठेवायचे नाकारले आणि जुन्या यंत्रांच्या बाजारातून स्वतः चार यंत्रे चालू करून, त्यांचा धूर पाहून, हे एक घेतले. त्याला आता अकरा वर्षे झाली. कागदावर तिचे नाव लागले, कारण धनादेश तिच्या नावाचा होता. यापलीकडे त्यात काहीही हेतू नव्हता.

“मग तुम्ही पत्नीकडून मशीन भाड्यानं घेता?” अधिकारी बाईंनी विचारले, आणि प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर आशा दिसली.

दाजींनी माझ्याकडे असे पाहिले, जणू ते मशीन मीच कोणाला तरी भाड्याने दिले आहे.

बाईंनी एक अर्ज पुढे केला. त्यावर दोन चौकटी होत्या. पहिली: यंत्र मालकाकडून चालकाविना भाड्याने घेतलेले. ही निवडल्यास, आणि पूर्वीपासून भाडे मिळत असल्याचे मालकाने प्रत्यक्ष येऊन लिहून दिल्यास, जुन्या बिलांवर फारशी आकारणी होणार नव्हती, आणि पुढेही भाडे कपातीतून सुटणार होते. दुसरी: यंत्र चालकासह. ही निवडल्यास सारे बिल मजुरीच. डिझेलसकट प्रत्येक रकमेतून शंभराला वीस कापले जाणार, आणि मागच्या दोन वर्षांची तफावत हप्त्यांनी भरावी लागणार. पंधरा दिवसांची मुदत मिळाली.

त्या रविवारी पुन्हा आम्ही तिघे टेबलाशी बसलो. मी ताईला विचारले, “दाजी तुला भाडे देतात का?”

“मला? कशाचं?”

“मशीनचे. दर आठवड्याला ते तुला काही रक्कम देतात ना?”

“लिफाफा ठेवतात फ्रिजवर. शनिवारी.”

“त्याला तुम्ही काय म्हणता?”

“शनिवार,” ताई म्हणाली. “‘शनिवार ठेवलाय गं,’ म्हणतात हे. आणि काय म्हणायचं?”

“परंतु त्या शनिवारातून काय काय भागते?”

तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली: गॅस, वीज, किराणा, आमच्या आईचे औषध, आणि मशीनचे डिझेल, टायर, विमा. मी पेन ठेवून दिले. डिझेल भाडेकरूने भरायचे असते. इथे ते मालकीण भरीत होती, भाडेकरूने दिलेल्या भाड्यातून, जे भाडे आहे की नाही हेच ठरायचे होते. मी कागदाच्या डाव्या बाजूला एक बाण काढला, तो उजवीकडे नेला, तिथून खाली, आणि तो फिरून जिथून निघाला तिथेच येऊन पोहोचला.

दाजी बराच वेळ तो बाण पाहत होते. “मी मजूर आहे, भाडेकरू आहे, की नवरा आहे, ते एकदा तुम्ही दोघं ठरवून सांगा. मी त्या बाजूला जाऊन बसतो.”

“तिन्ही असलात तरी आधी हात धुवून या,” ताई म्हणाली. “पान वाढते.”

जेवताना मी पहिल्या चौकटीची शिफारस केली. माझी कारणे सबळ होती आणि आजही सबळ आहेत. शनिवारचा लिफाफा भाडे म्हणून दाखवला, की मागचे निस्तरले जाईल. पुढे मशीन ताईने थेट कंत्राटदाराला भाड्याने द्यावे, दाजींनी आपल्या मजुरीचे बिल वेगळे द्यावे. कपात फक्त मजुरीतून. दोन बिले, दोन नावे, स्वच्छ व्यवहार. ताईला ते पटले नव्हते. “खोटं लिहायचं का मी?” असे ती एकदा म्हणाली. पण फाटक उघडेल, एवढे दाजींना समजले आणि त्यांनी तिला म्हटले, “सही करून टाक. घरी बसून माझी कंबर धरलीय.”

बिलवाल्या बाईंना आनंद झाला. कर कार्यालयात अर्ज जाईपर्यंत तात्पुरता करार करू, असे त्या म्हणाल्या. शनिवारी ताईने त्यावर सही केली, आणि सोमवारी सकाळी मशीन व दाजी दोघेही फाटकातून आत गेले.

पुढचे तीन दिवस दाजी वेळेवर गेले, वेळेवर आले. काय चालले आहे असे विचारले की “चाललंय,” म्हणाले. फक्त त्यांच्या बुटांवरचा चिखल घोट्याऐवजी गुडघ्यापर्यंत आलेला असे, आणि डायरी खिशातून बाहेर निघत नसे. ताईच्या हे लक्षात आले होते. मला ते तिने नंतर सांगितले.

गुरुवारी दुपारी बिलवाल्या बाईंचा ताईला फोन आला. “काकू, तुम्ही मशीनच्या मालक ना? आमचा ड्रायव्हर विचारतोय, हायड्रॉलिक ऑइल कुठल्या नंबरचं घालायचं?”

“मला काय विचारता? यांना विचारा. तिथेच आहेत ना?”

“काका खड्ड्यात आहेत. हाक ऐकू जात नाही त्यांना.”

ताईने ऑइलचा क्रमांक सांगितला, कारण तिला तो माहीत होता. मग तिने मला कार्यालयात फोन केला. मी अर्धी रजा टाकली.

आम्ही फाटकाच्या जाळीबाहेर उभे राहिलो. आमचे मशीन, म्हणजे ताईचे मशीन, चाललेले होते, आणि त्यात एक तरुण, उंच मनुष्य बसला होता. बकेटच्या पुढे सहा हातांवर, खड्ड्यात, दाजी फावड्याने माती ओढीत होते. बिलवाल्या बाई कंटेनरमधून बाहेर आल्या. त्यांचा स्वर खालचा होता.

“मी तरी काय करू? भाड्याच्या मशीनवर आमचाच माणूस बसवावा लागतो. काकांना बसवलं, तर ते चालकासह झालं, भाडं राहिलंच नाही. आणि काकांचं बिल मजुरीचं. मजुराला सुपरवायझर देईल ते काम.”

“मग दुसऱ्या चौकटीवर टिक केलं असतं तर?” मी विचारले.

“तर मला काय! सगळ्या बिलातून सरसकट वीस कापले असते, विषय संपला. नुकसान तुमचंच.”

दाजी वर आले. फावड्याला चिकटलेली माती त्यांनी बुटाने काढली.

“कसा चालवतो?” ताईने विचारले.

“चांगला चालवतो,” दाजी म्हणाले. थोडा वेळ त्यांनी मशीनकडे पाहिले. “सीट मागे सारलीय त्यानं. लांब पायांचा आहे.”

“आणि हे तुम्ही मला सोमवारी का नाही सांगितलंत?”

“काय सांगायचं? पैसे मिळतायत. तुलाही, मलाही.”

“मला कशाला हवेत वेगळे?”

“आता तसंच आहे म्हणे,” दाजी म्हणाले, आणि पुन्हा खाली उतरले, कारण सुपरवायझरने शिट्टी वाजवली होती.

बसमधून परतताना मी ताईला आकडेमोड करून दाखवली. पहिली चौकट सोडली तर वर्षाकाठी किती जाईल, मागील तफावतीचे किती हप्ते पडतील, हे सारे मी तिच्या तिकिटाच्या पाठीवर मांडले. तिने तिकीट घेतले, पाहिले आणि पर्समध्ये ठेवले. दगडापेक्षा वीट मऊ, असेही मी म्हणालो. ती म्हणाली, “तू नऊ तास वीट उचलून बघ.”

मुदतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिघे तिसऱ्या मजल्यावर गेलो. ताईने इस्त्रीची साडी नेसली होती आणि पायऱ्यांवर दोनदा थांबून श्वास घेतला. तिच्यासाठी मी एक निवेदन तयार करून नेले होते. त्यात ‘साप्ताहिक भाडे’ हा शब्दप्रयोग सहा वेळा होता. अधिकारी बाईंनी ते वाचले.

“हे तुमचं म्हणणं आहे ना? दर शनिवारी तुम्हाला मिळणारी रक्कम हे मशीनचं भाडं होतं?”

“हे यानं लिहिलंय,” ताई म्हणाली. “अकरा वर्षं झाली, मॅडम. अकरा वर्षांत मी एकदाही वाढवलं नाही, एकदाही पावती दिली नाही. कधी लिफाफा रिकामाच असायचा, तेव्हा मीच त्यात भर घालायची. असं भाडं असतं का कुठे?”

“तुम्ही विचारपूर्वक बोला. पहिल्या चौकटीसाठी हे निवेदन लागतं.”

“ताई,” मी हळूच म्हणालो.

“तू गप. मॅडम, त्या दुसऱ्या चौकटीत मशीनवर कोण बसतं?”

“चालक.”

“कुठला?”

अधिकारी बाईंनी अर्ज उलटून पाहिला. मग नियमांचे पुस्तक उघडून पाहिले. “तसं काही दिलेलं नाही. मालकाचा चालक, एवढंच आहे.”

“मग यांचं नाव लिहा.”

“नावासाठी रकाना नाही.”

“मग कडेला लिहा.”

“तुम्हाला कल्पना आहे ना, यात तुमचं बरंच जास्त जाणार? डिझेलच्या रकमेतूनही कपात होते. वर्षअखेरीस परतावा मागता येईल, पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल.”

“अर्जाची सोय घरात आहे,” ताई म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलेही नाही.

दाजी इतका वेळ खुर्चीच्या कडेवर बसून होते. आता ते म्हणाले, “अगं, पैसे जातील.”

“जाऊ देत.”

“बरेच जातील म्हणतायत.”

“ऐकलं मी. टेबलापलीकडेच बसल्यात त्या.”

ताईने दुसऱ्या चौकटीत खूण केली. अधिकारी बाईंनी समासात दाजींचे पूर्ण नाव हाताने लिहिले, त्याखाली आद्याक्षरे केली, आणि मग बराच वेळ त्या स्वतःच लिहिलेल्या ओळीकडे पाहत राहिल्या, जणू हे चालते की नाही हे त्यांनाही कोणीतरी सांगायला हवे होते. सांगणारे कोणी नव्हते. त्यांनी शिक्का मारला. जुन्या मूळ प्रती मी मागितल्या. त्या सापडल्या नाहीत. त्याबद्दल माझा लेखी आक्षेप मी त्याच दिवशी आवक-जावक टेबलावर दिलेला आहे.

खाली पायऱ्यांशी आल्यावर दाजींनी विचारले, “म्हणजे मी वर ना आता?”

“वर,” ताई म्हणाली.

“नक्की? की पुन्हा काही निघेल?”

“यालाच विचारा.”

मी म्हणालो की समासातील मजकुराचे कायदेशीर बळ नेमके किती, हे सांगणे कठीण आहे. परंतु शिक्का त्याच पानावर असल्यामुळे तूर्तास हो, वर. दाजींनी घड्याळ पाहिले. अर्धा दिवस शिल्लक होता. ते रस्ता ओलांडून गेले, आणि वळणापर्यंत त्यांनी चालण्याचा वेग दोनदा वाढवलेला मी पाहिला.

ताई बसथांब्यावरच्या बाकावर बसली. तिने हप्त्यांचा कागद उघडला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि माझ्यापुढे धरला.

“मला एकदा नीट समजावून सांग. हे जे नुकसान झालं, ते कुणाचं झालं? त्यांचं, की माझं?”

मी सांगायला सुरुवात केली. कपात त्यांच्या मजुरीतून होणार, म्हणून नुकसान त्यांचे. परंतु त्या मजुरीत मशीनचे डिझेल आणि झीज धरलेली, आणि मशीन तिचे, म्हणून ते तिचे. परंतु डिझेलचे पैसे ज्या लिफाफ्यातून जातात, तो लिफाफा त्यांचा. आणि तो फ्रिजवर ठेवला की तिचा. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी मशीनच्या बाजूने. तीही मध्येच अडली. तिसऱ्यांदा मी तोंड उघडले तेव्हा ताई कागदाची घडी करून उठली होती, कारण तिची बस आली होती.